बाजोठ घडवताना जयणा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी रंगीत लाकडी कामासाठी प्रसिद्ध आहे. येथील चितार आळीत खेळणी, लाकडी फळे, पाट, चौरंग यांची घडण कारागिरांच्या घरीच चालत आली. अक्षतांचा साथिया काढण्यासाठी किंवा ग्रंथ ठेवण्यासाठी असा बाजोठ स्वतः घरी घडवावा, असे एखाद्या श्रावकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या अहिंसाधर्माच्या आराधनेसाठी तो घडवायचा, त्याच्याशी त्याची सामग्री विसंगत नसावी.

पहिला प्रश्न लाकडाचा. वृक्षतोडीवर चालणाऱ्या वनकर्माची गणना शास्त्राने 15 कर्मादानांत केली आहे. म्हणून नवे झाड तोडण्यापेक्षा, उतरवलेल्या जुन्या कोकणी घराची सागाची किंवा फणसाची फळी उत्तम. ती वर्षानुवर्षे वाळलेली असल्याने सहसा वाकत नाही. भोके पडलेली, भुसा गळणारी फळी मात्र घेऊ नये. तिच्यात जिवंत कीड असू शकते.

दुसरा प्रश्न सांध्याचा. पायाच्या टोकाला कुसू काढून ते फळीच्या खाचेत घट्ट बसवले, तर चिकटद्रव्य थोडेच लागते. पूर्वी सुतार प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस तापवून वापरीत. बळवंतराय पारेख यांनी 1959 मध्ये आणलेल्या फेव्हिकॉलसारख्या कृत्रिम पांढऱ्या चिकटद्रव्यांमुळे ती गरज उरली नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत सहज नजरेआड होतो, तो चकाकीचा. लाख हा कीटकांचा स्राव आहे. ती काढताना असंख्य जीव मरतात. लाक्षावाणिज्यही कर्मादानांतच येते. सुतारांचे नेहमीचे स्पिरिट पॉलिश लाखेच्या चपड्यापासूनच होते. त्याऐवजी जवसाच्या तेलाचे पातळ थर द्यावेत. तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. मोकळ्या जागी पसरून वाळवावेत. बाजोठ विकत घेतानाही रंगात लाख आहे का, हे कारागिराला आदराने विचारावे.

हे सारे काम उन्हाळ्यातच संपवावे. कोकणच्या पावसात ओलसर लाकडावर बुरशी धरते, आणि ती पुसणे हीही अनंत जीवांची विराधनाच. बाजोठाचे पाय पूंजणी खालून सहज फिरेल इतके उंच असावेत आणि कोरीवकाम मोजके असावे. ज्याचे पडिलेहण सोपे, तोच बाजोठ चातुर्मासात शोभतो.