गोठविलेले रेत व शुक्राणूचे स्निग्ध आवरण

कृत्रिम रेतनानंतर गाय उलटली की दोष बहुधा वळूला किंवा गाईला दिला जातो. परंतु दोन्ही जनावरे निर्दोष असूनही, रेतकांडी हाताळताना झालेल्या थोड्याशा दिरंगाईने सारे श्रम वाया जाऊ शकतात. याचे कारण शुक्राणूच्या रचनेत आहे.

वळूचे आनुवंशिक गुण शुक्राणूच्या डोक्यातील डीएनए या द्रव्यात साठविलेले असतात. हे द्रव्य अत्यंत घट्ट गुंडाळलेले असल्याने थंडी बव्हंशी सोसते. त्यावरील आवरण मात्र नाजूक असते. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असून त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकीच भरते. शरीराच्या उष्णतेत हे थर तेलासारखे प्रवाही असतात. म्हणूनच ते बीजांडाच्या आवरणाशी एकजीव होतात व डीएनए आत पोहोचतो. आवरण फाटल्यास शाबूत डीएनएही निरुपयोगी ठरतो.

हिवाळ्यात खोबरेल थिजते, तसे थंडीने हे थर थिजतात व त्यांतून गळती सुरू होते. बर्फाचे स्फटिकही त्यांस इजा करतात. इंग्लंडमध्ये १९४९ साली पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांनी ग्लिसरीन मिसळून कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही जिवंत राखता येतात, असे दाखविले. पुढे हीच रीत वळूच्या रेतासाठी रूढ झाली.

द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंश सेल्सिअसला, रेत वर्षानुवर्षे टिकते. मात्र कांडी बाहेर रेंगाळल्यास आतील बारीक स्फटिक वाढू लागतात. ही हानी डोळ्यांस दिसत नाही आणि कांडी पुन्हा थंड केल्याने भरूनही येत नाही. यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. पात्रातील नत्राची पातळी नियमितपणे पट्टीने मोजावी.

२. कांड्यांचा डबा पात्राच्या गळ्यावर उचलू नये. कांडी चिमट्याने काही सेकंदांतच काढावी.

३. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद बुडवावी. पाणी तापमापकाने तपासावे. कांडी तळहातावर चोळून वितळवू नये.

४. कांडी पुसून कोरडी करावी. थंडीत रेतनाची नळी आधी कोमट करावी. वितळलेले रेत विनाविलंब वापरावे. पुन्हा गोठवू नये.

एक माज वाया गेला की पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांचा चारा मालकाच्या अंगावर पडतो व वेत लांबते. म्हणून गोपालकांनी कांडी कशी वितळविली जाते, हे स्वतः उभे राहून पाहावे व शंका निःसंकोच विचाराव्यात. सेवकांनीही त्यात कमीपणा मानू नये.