बाबांच्या बोटीवर ‘नॅसॉ’ का लिहिलंय?

आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा एकदा फोटो घेऊन आला. त्याचे बाबा बोटीवर असतात. आमच्या सिंधुदुर्गात किंवा शेजारच्या गोव्यात ‘बोटीवर’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. गोव्यात तर अशा माणसांना ‘तारवटी’ असं खास नावच आहे. फोटोत पांढरीशुभ्र, सात-आठ मजली इमारतीएवढी सहलीची बोट होती.

“बाई, बोट अमेरिकेतल्या मायामीहून सुटते. कंपनीचं ऑफिसपण तिथेच. मग मागे नॅसॉ का लिहिलंय?”

प्रश्न मोठा नामी! मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. नकाशा काढला. नॅसॉ ही बहामा या चिमुकल्या बेटांच्या देशाची राजधानी. 2024 साली पहिल्या सफरीवर निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज बांधलं फिनलंडमध्ये, सुटतं मायामीहून, पण त्याचीही नोंदणी बहामाची.

तुम्ही मुंबईला जाणाऱ्या खासगी बस पाहिल्या असतील. मालक इथला, ड्रायव्हर इथला, आत बसलेले चाकरमानी इथले. पण नंबराच्या पाटीवर कधी कधी ‘एनएल’, म्हणजे नागालँड! त्या बसने नागालँडचे डोंगर बहुधा पाहिलेलेही नसतात. तिथे कर कमी, म्हणून नोंदणी तिथली. बोटींचंही बरंचसं असंच आहे बरं का.

पण बोटीच्या बाबतीत गोष्ट कराशी थांबत नाही. भर समुद्रात कुठल्याच देशाची हद्द नसते. तिथे बोटीवर ज्याचा झेंडा, त्याचा कायदा. म्हणजे झेंडा बदलला की कायदाही बदलला!

ही युक्ती पूर्वी कशी वापरली गेली, त्याची गंमत ऐका. 1920 साली अमेरिकेत देशभर दारूबंदी आली. पुढे सरकारने बजावलं की, अमेरिकी बोटींवरही दारू चालणार नाही. प्रवासी परदेशी बोटींकडे वळतील, या धास्तीने 1922 मध्ये ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन प्रवासी जहाजांवर पनामाचा झेंडा चढला. मालक तेच, जहाजं तीच. दारूबंदी 1933 साली उठली, पण युक्ती काही गेली नाही.

आता कारण दारूचं नाही, पैशांचं. अमेरिकेचा झेंडा लावायचा तर बहुतेक कर्मचारी अमेरिकी हवेत, त्यांना तिथल्या कायद्याप्रमाणे पगार हवा. हवाई बेटांभोवती फिरणारी ‘प्राइड ऑफ अमेरिका’ तशी आहे, पण एवढ्या मोठ्या सहलीच्या बोटींत ती एकटीच. बहामाचा किंवा पनामाचा झेंडा असला की माणसं कुठूनही घेता येतात, आणि अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू होत नाही. त्या देशांनाही नोंदणीची फी मिळते. म्हणून तर आमच्या मुलाच्या बाबांना नोकरी मिळाली, हेही खरं!

पण उद्या बाबांचा पगार अडला किंवा कामावर हात मोडला तर? दाद मागायची कुठे? मायामीत, नॅसॉत की मुंबईत? जहाजावरच्या कामगारांच्या संघटना 1948 पासून अशा उसन्या झेंड्यांविरुद्ध भांडताहेत. तरी ‘छोटे देश म्हणजे सगळाच अंधार’ असं मात्र समजू नका. खलाशांच्या हक्कांचा जो जागतिक करार 2006 साली झाला, त्याला सर्वांत आधी मान्यता कुणी दिली? लायबेरियाने! तोही असे झेंडे देणाराच देश. हा करार 2013 पासून लागू आहे. दिवसाच्या चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती दिलीच पाहिजे, असं तो सांगतो. भारताने तो 2015 साली मान्य केला. पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते: बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. पैसे मोजण्याआधी तो पाहून घ्यावा.

ही युक्ती कधी अंगाशीही येते. 2020 साली कोरोनामुळे बोटी बंद पडल्या. अमेरिकी सरकारने बड्या कंपन्यांना कर्ज देऊ केलं. एक अट अशी की, कंपनी अमेरिकेत स्थापन झालेली हवी. बड्या क्रूझ कंपन्यांची ऑफिसं फ्लोरिडात, पण कागदावर ‘कार्निव्हल’ पनामाची, ‘रॉयल कॅरिबियन’ लायबेरियाची आणि ‘नॉर्वेजियन’ बर्म्युडाची होती. ते कर्ज काही त्यांना मिळालं नाही!

‘क्वीन मेरी 2’ या प्रसिद्ध ब्रिटिश बोटीवर पूर्वी ‘साउथॅम्प्टन’ लिहिलेलं असे. 2011 साली ते पुसून बर्म्युडाचं ‘हॅमिल्टन’ लिहिलं. का? कंपनी म्हणाली, ब्रिटिश झेंड्याखाली भर समुद्रात लग्न लावता येत नाही, बर्म्युडाच्या झेंड्याखाली येतं!

हे ऐकून वर्ग खो-खो हसला. फोटोवाला मुलगा मात्र हसला नाही. त्याने वहीत ‘नॅसॉ’ लिहून घेतलं आणि विचारलं, “बाई, मग बाबा बोटीवर असताना बहामाचे का?”

मी म्हटलं, “बाबा भारताचेच रे. बोट बहामाची.”