एक्सल बसत नाही? हातोडी खाली ठेवा

येडगाव, नारायणगाव, आळेफाटा भागातील शेतरस्त्यांवर चिखल आणि खड्यांमुळे मोटारीच्या एक्सलचे रबरी बूट फाटतात. ग्रीस बाहेर जाते, माती आत शिरते आणि वळणावर चाकातून कट्-कट् आवाज येऊ लागतो. मग एक्सल बदलावा लागतो. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, तेव्हापासून पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या आपल्या कारागिरांच्या हातांखालून जात आहेत. तरीही एक्सल बसवताना काही अडचणी पुन्हा पुन्हा येतात.

आधी माप : जुना व नवा एक्सल शेजारी ठेवून लांबी, दोन्ही टोकांचे दाते आणि ए.बी.एस.ची दातेरी रिंग जुळते का ते पाहावे. डाव्या-उजव्या बाजूंची लांबी बहुधा वेगळी असते.

आत जात नसल्यास : बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडील टोकाच्या खाचेत सर्क्लिप असते. ती मध्यावर नसली की कडेला अडकते. सर्क्लिप नवी घालावी, खाचेत थोडे ग्रीस भरावे म्हणजे ती मध्यावर राहते. एक्सल सरळ धरून किंचित फिरवावा, दाते जुळले की हाताने एकच जोरदार धक्का द्यावा. हातोडीने आटे आणि जॉइंट दोन्ही बिघडतात. बसल्यावर आतल्या जॉइंटची वाटी धरून ओढून पाहावी. शाफ्ट धरून ओढल्यास आतला ट्रायपॉड वाटीतून निसटू शकतो.

तेल गळत असल्यास : दात्यांची धार लागून ऑईल सीलची ओठी कापली जाते. सील नवे बसवावे, ओठीला ग्रीस लावावे, एक्सल तिरका घालू नये. काढताना सांडलेले गिअर ऑईल पुन्हा भरून पातळी तपासावी. हे राहिले तर काही दिवसांत गिअरबॉक्सच जातो आणि ग्राहकाला एक्सलच्या कितीतरी पट खर्च येतो.

हबचा नट : नट नवा वापरावा. तो कंपनीच्या पुस्तकातील मापाने टॉर्क पान्ह्याने आवळून ठोकून लॉक करावा. नट न आवळता गाडीचे वजन चाकावर टाकल्यास बेअरिंग खराब होते. बॉल जॉइंटचा बोल्टही विसरू नये. माळशेज घाटात तो निसटला तर प्रश्न पैशाचा राहत नाही, जिवाचा होतो.

शेवटी चाचणी : स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून गाडी हळू चालवावी. वळणावरचा आवाज बहुधा बाहेरच्या जॉइंटचा, तर वेग घेताना येणारी थरथर आतल्या जॉइंटची असते.

दुरुस्त केलेला एक्सल बसवला असेल तर बिलावर तसे लिहावे. वरून कोरडे आणि आतून ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ओला भाग वर ठेवण्यास सांगितले होते. ग्रीस पुसून चमकवलेल्या जुन्या मालालाही तोच नियम लागू होतो.