एका बिलाच्या चार तारखा

आमच्या व्यापारी बांधवांच्या दुकानात हल्ली वहीच्या जोडीला संगणकही आला आहे. बिले एक्सेलमध्ये चढतात आणि घरातला शिकलेला मुलगा पॉवर बीआयवर डॅशबोर्डही करून देतो. त्यावर विक्रीचे आलेख छान दिसतात. कॅलेंडर मात्र बहुतेक ठिकाणी एकच तारीख दाखवते, ती म्हणजे बिलाची. पैसे कधी द्यायचे आणि कधी यायचे, हे मालकाच्या डोक्यातच राहते. उधारीची मुदत लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत आहे आणि ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे, हे येथे सांगावेसे वाटते.

२०२५ चा रमजान आठवून पाहा. समजा, मालेगावच्या एखाद्या लहान यंत्रमागधारकाकडून ईदच्या विक्रीसाठी कापड घेतले, १४ फेब्रुवारीला माल स्वीकारला आणि ४५ दिवसांची लेखी मुदत ठरली. सूक्ष्म व लघु उत्पादकांसाठी २००६ च्या कायद्याने याहून जास्त मुदत ठेवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. ४५ दिवस मोजले की ३१ मार्च येतो. त्याच दिवशी आपल्याकडे ईदुल फित्र होती आणि आर्थिक वर्षही संपत होते! सरकारी भरणा घेणाऱ्या बँकशाखा त्या दिवशी चालू ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. त्याआधी १५ मार्चला आगाऊ आयकराचा हप्ता आणि २० मार्चला दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचा जीएसटी. रोकड कुठे अडकणार हे फेब्रुवारीतच दिसायला हवे होते.

मग अडचण कुठे येते? एका बिलाच्या ओळीत मागणी, माल रवाना, देय आणि वसुली अशा चार तारखांचे चार रकाने असतात. पॉवर बीआयमध्ये तारखांच्या तक्त्याशी त्यांतला एकच रकाना चालू नात्याने जोडता येतो. बाकीची नाती तुटक रेषेने दिसतात आणि सूत्रात मुद्दाम सांगितल्याशिवाय काम करीत नाहीत. उपाय सोपा आहे. पॉवर क्वेरीत त्या चार रकान्यांना ‘अनपिव्हट’ करावे. म्हणजे एका बिलाच्या एका ओळीच्या चार ओळी होतात: बिल क्रमांक, तारखेचा प्रकार आणि तारीख. हा नवा तक्ता कॅलेंडरला जोडला आणि प्रकारानुसार रंग दिला की सगळे एका पानावर येते. कराच्या तारखाही याच तक्त्यात घालाव्यात.

पण सावधान! रक्कम या नव्या तक्त्यात ठेवली तर ५०,००० रुपयांचे बिल बेरजेत २,००,००० होते. रक्कम मूळ तक्त्यातच राहू द्यावी. दुसरे असे की, रिकामे रकाने अनपिव्हट करताना गळून जातात. ज्या बिलाची वसुली झाली नाही, त्याची ‘वसुली’ ही ओळच तयार होत नाही. म्हणून थकबाकी या तक्त्यावरून काढू नये, अन्यथा नेमका बुडवणारा गिऱ्हाईकच नजरेआड राहायचा.

हिजरी तारखेचे थोडे वेगळे आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून ईदचा हंगाम दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीच्या मार्चशी यंदाचा मार्च ताडून पाहणाऱ्यांची येथेच फसगत होते. तुलना रमजानची रमजानशी व्हावी. जकातीचा दिवसही हिजरी तारखेनेच धरावा. इंग्रजी वर्षाने मोजणाऱ्याचे ३३ वर्षांत एक चांद्र वर्ष हिशेबाबाहेर जाते.

संगणकाचे हिजरी गणित आणि प्रत्यक्ष चाँद यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. त्यामुळे ईदची तारीख एकाच चौकटीत लिहावी आणि हंगामाच्या बाकीच्या तारखा सूत्राने तिच्यावरून काढाव्यात. चाँदरातीला तेवढी एक चौकट बदलली की काम झाले.