वाटाण्याचे दहा सेकंद

कुंडीत वाटाणा पेरायचा आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोखून महिनाभर वाट बघायची! १९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या गृहस्थांनी हा उद्योग केला. लंडनहून आणलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा नवाकोरा होता, पण चित्रपटाला पैसे कोण देणार? फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ ही छोटीशी फिल्म करून दाखवली. ती पाहून छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

या करामतीमागे साधी त्रैराशिकं आहेत. चौकटी सावकाश टिपायच्या आणि भरभर दाखवायच्या. आज पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. दर तासाला एक चौकट घेतली, तर दिवसाच्या २४ होतात. म्हणजे रोपाचा एक दिवस आपल्या एका सेकंदात मावतो आणि दहा दिवस दहा सेकंदांत. यालाच टाइम-लॅप्स म्हणतात.

हा प्रयोग छत्तीसगडमध्ये, रायपूरजवळच्या बीरगांवातल्या खोलीतही जमतो. लागतो तो ड्रॉवरमध्ये पडलेला जुना मोबाइल. रायपूरच्या बाजारात वाटाणा मागताना ‘मटर’ म्हणावं लागेल, इतकंच. तिवराही चालेल, तो वाटाण्याचा भाऊबंदच. दाणे रात्रभर भिजवा, कुंडीत बोटाच्या एका पेराइतके खोल पेरा. मोबाइल चार्जरला लावून घट्ट बसवा आणि वर वाढायला जागा सोडून चौकट ठरवा. खिडकी झाका आणि एकच दिवा सतत चालू ठेवा. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक करा. नाहीतर मोबाइल दर वेळी उजेडाचा नवा अंदाज बांधतो आणि फिल्म लुकलुकते. बीरगांवाच्या शेजारीच उरला औद्योगिक वसाहतीतले कारखाने आणि त्यांची धूळ. तेव्हा लेन्सवरची धूळ सुरुवातीलाच पुसून घ्या.

मग काय दिसतं? वाटाण्याची दोन्ही दलं जमिनीखालीच राहतात. कोंब मान खाली घालून, पाठीने माती ढकलत वर येतो. कोवळं टोक चिरडलं जाऊ नये म्हणून ही युक्ती! उजेड लागला की मान ताठ होते. दिवा एका बाजूला असेल तर कोंब तिकडे झुकतो, कारण ऑक्सिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला जास्त साचतं आणि तिथल्या पेशी अधिक लांबतात. शेंडा तर सरळ वाढतच नाही. गोल गोल डुलत, आधार चाचपत तो वर जातो. चार्ल्स डार्विनने काचेवर ठिपके मांडून हे डुलणं नोंदवलं आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. आपल्या डोळ्यांना रोप स्तब्ध वाटतं, कारण त्याची चाल आपल्या नजरेच्या सबुरीपेक्षा संथ आहे.

फाळक्यांना फिल्म धुऊन होईपर्यंत काय टिपलं गेलं ते कळायला मार्ग नव्हता. आपल्याला प्रत्येक चौकट लगेच बघता येते आणि नेमका तिथेच प्रयोग फसतो. ‘बघू तरी’ म्हणून मोबाइल उचलला की चौकट हलते आणि फिल्ममध्ये वाटाणा टुणकन उडी मारतो. दहा दिवस मोबाइलला हात न लावणं, सगळ्यात अवघड काम हेच आहे.