उत्तनची होडी आणि संगणकाचे पाते

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस समुद्राला भिडलेल्या उत्तनसारख्या कोळीवाड्यात लाकडी होडी बांधणारा कारागीर बाभळीचे उपजतच बाकदार खोड निवडून, लाकडाचे रेषे ज्या अंगाने वळले असतील त्याच अंगाने वाकसाने तासून बरगडी घडवतो. कारण रेषे छेदले गेले की बळकटी गेलीच. याउलट, फर्निचरच्या कारखान्यातील सीएनसी यंत्र, मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेणाऱ्या पात्याकरवी, संगणकाने फर्मावलेली आकृती शेकडो वेळा बिनचूक कोरते, मात्र वाटेतल्या गाठीची त्यास खबर नसते. म्हणूनच एकजिनसी एमडीएफवर त्याचा अंमल निर्वेध चालतो, आणि स्वयंपाकघरातील कपाटांसाठी मी तरी बेलाशक यंत्रच पसंत करीन. होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत मात्र कापूस ठासून राळ भरण्याचे काम अद्याप हातांकडेच आहे. अर्थात फायबरच्या होड्या आल्यापासून तेही रोडावले.