ऑस्प्रे पक्ष्याचें कुटुंब

हिवाळ्याच्या दिवसांत एखाद्या धरणाच्या किंवा मोठ्या तलावाच्या कांठीं सकाळीं जाऊन बसावें. पाण्यांतून वर आलेल्या वठलेल्या झाडावर, पाठीनें गडद तपकिरी व पोटानें पांढराशुभ्र असा, एक मोठा पक्षी कधीं कधीं एकटाच बसलेला दृष्टीस पडतो. त्याच्या डोळ्यापासून मानेपर्यंत काजळाच्या रेघेसारखा काळसर पट्टा असतो. पुष्कळ वेळ तो जागचा हालत नाहीं. मग एकाएकीं उठून पाण्यावर घिरट्या घालूं लागतो, पंख फडफडवीत एके ठिकाणीं अधांतरीं थबकतो, आणि पाय पुढें करून दगडासारखा खालीं येतो. क्षणभर तो पाण्याच्या उसळींत दिसेनासा होतो. पुनः वर येतो तेव्हां त्याच्या पायांत तडफडणारा मासा असतो. हाच ऑस्प्रे.

हा पक्षी आपल्या वाङ्मयास नवा नाहीं. संस्कृतांत 'कुरर' म्हणून जो पक्षी आहे त्याचा अर्थ वामन शिवराम आपटे यांनीं आपल्या कोशांत ऑस्प्रे असाच दिला आहे. आणि रानांत एकट्या सोडलेल्या सीतेच्या आक्रोशास कालिदासानें रघुवंशांत कुररीचीच उपमा दिली आहे. पवित्र शास्त्राच्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरांतही, लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायांत जे पक्षी खाऊं नयेत म्हणून सांगितलें आहे, त्यांत ऑस्प्रेचें नांव आढळतें. एवढी ओळख असूनही त्याचें घरटें मात्र आपण पाहिलेलें नसतें. कारण आपल्या तलावांवर तो केवळ हिवाळ्याचा पाहुणा. उन्हाळा लागतांच तो उत्तरेकडे निघून जातो, व त्याचा संसार तिकडेच होतो. हा संसार हजारों लोकांनीं जवळून पाहिला असें एक स्थळ स्कॉटलंडांत आहे. तेथील ऑस्प्रे आपल्याकडे येत नाहींत, ते हिवाळ्यांत आफ्रिकेस जातात. पण जात एकच, आणि रीतही एकच. म्हणून, वाचकहो, आपण मनानें तेथें जाऊं.

सरोवरास स्कॉटलंडांत 'लॉख' म्हणतात. लॉख गार्टन हें सरोवर अॅबर्नेथीच्या जुन्या पाइन-अरण्यांत आहे. एके काळीं असल्या सरोवरांच्या कांठीं ऑस्प्रेचीं घरटीं पुष्कळ होतीं. परंतु मासे नेतो म्हणून लोक त्यास गोळी घालीत. आणि तो दुर्मिळ होऊं लागला तशी त्याच्या अंड्यांची व पेंढा भरलेल्या कातड्याची हौस संग्राहकांस अधिकच लागली. १९१६ च्या सुमारास ब्रिटनांतून त्याची वीण संपली असें मानितात. पुढें १९५४ सालीं एक जोडपें, बहुधा स्कँडिनेव्हियाकडून, लॉख गार्टनपाशीं येऊन राहिलें. घरट्याचा ठावठिकाणा बाहेर फुटूं नये म्हणून पक्षिमित्रांनीं फार जपलें. तरी १९५८ च्या जून महिन्यांत, रात्रंदिवस पहारा असतांही, काळोखांत कोणी एक मनुष्य झाडावर चढला, त्यानें अंडीं पळविलीं, आणि त्यांच्या जागीं तपकिरी बूटपॉलिश फांसलेलीं कोंबडीचीं अंडीं ठेवून तो निसटला.

पक्षिरक्षणाच्या रॉयल सोसायटीचें स्कॉटलंडांतील काम पाहणारे जॉर्ज वॉटर्स्टन यांनीं दुसऱ्या वर्षीं अगदीं उलट मार्ग धरिला. घरटें लपविण्याऐवजीं तें लोकांस दाखवावें, असें त्यांनीं ठरविलें. झाडाच्या बुंध्यास कांटेरी तार गुंडाळली, दूर अंतरावर पाहणारांसाठीं आडोसा करून दुर्बिणी मांडल्या, आणि ज्यास इच्छा असेल त्यानें यावें म्हणून जाहीर केलें. १९५९ च्या त्या उन्हाळ्यांत सुमारें १४,००० माणसें आलीं. इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत चोरी करण्यास कोण धजेल? त्या वर्षीं त्या घरट्यांतून तीन पिलें उडालीं.

आतां दुर्बिणीशीं बसणारास काय दिसतें तें पाहूं.

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभीं नर व मादी आपापल्या वाटेनें, निरनिराळ्या दिवशीं, गेल्या वर्षींच्याच घरट्यावर येतात. हिवाळ्यांत त्यांची एकमेकांशीं गांठ नसते. त्यांस पुनः एकत्र आणतें तें घरटेंच. झाडाच्या अगदीं शेंड्यावर रचलेला तो काटक्यांचा ढीग असतो. दरवर्षीं त्यांत भर पडत जाऊन तो चार-पांच फूट रुंद होतो; आंत शेवाळ व गवत यांची गादी असते. त्या गादीवर मादी दोनतीन दिवसांच्या अंतरानें बहुधा तीन अंडीं घालते. तीं पांढुरकीं असून त्यांवर तांबूस तपकिरी रंगाचे दाट डाग असतात. (चोरास बूटपॉलिशची गरज कां पडली, तें येथें ध्यानांत येईल.) अंडें उबण्यास सुमारें ३७ दिवस लागतात. बहुतेक वेळ मादीच बसते. नर मासा घेऊन आला म्हणजे ती तो घेऊन शेजारच्या फांदीवर जाते, आणि तिचें खाणें होईपर्यंत नर अंड्यांवर बसतो.

मासा धरण्यासाठीं या पक्ष्याचे पाय कसे घडविले आहेत तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या चार बोटांपैकीं बाहेरचें बोट मागें वळूं शकतें. त्यामुळें दोन बोटें पुढून व दोन मागून अशी चिमट्याची पकड बसते. तळव्यांवर बारीक कांटे असतात, म्हणून बुळबुळीत मासाही निसटत नाहीं. पाण्यांत शिरतांना नाकपुड्या मिटतात, आणि पिसें तेलकट असल्यामुळें तो वर येऊन एकदां अंग झाडतो कीं पाणी निथळून जातें. मासा नेतांना तो त्याचें डोकें नेहमीं पुढें करून धरतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो. पुष्कळदां वाटेंत बसून माशाचें डोकें तो स्वतः खातो व उरलेला मासा घरीं आणतो. दुर्बिणीशीं बसलेल्या मंडळींस प्रथम यांत त्याची लबाडी वाटते. परंतु सबंध कुटुंबाचें पोट ज्याच्या पंखांवर चालावयाचें, त्यानें आधीं स्वतः खाल्लें नाहीं तर कसें होणार?

मेअखेरच्या सुमारास पहिलें पिलूं बाहेर येतें. करड्या लवेनें झांकलेला तो गोळा मान सांवरण्याचा प्रयत्न करीत असतो. मादी माशाचा नखाएवढा तुकडा तोडून, मान वांकडी करून, चोंचीच्या टोंकानें तो त्याच्या तोंडाशीं धरते. पुढचे कांहीं आठवडे ती घरटें सोडून फारशी जात नाहीं. पाऊस लागला कीं पंख पसरून पिलांस खालीं घेते. ऊन तापलें कीं तेच पंख छत्रीसारखे उघडून उन्हाच्या बाजूस उभी राहते. एखादा शत्रु वरून जाऊं लागला कीं ती इशारा देते, आणि त्यासरशीं पिलें घरट्याच्या तळाशीं चपटीं होऊन निपचित पडतात. त्यांच्या करड्या पाठीवर एक फिकट रेघ असते, त्यामुळें तीं काटक्यांतून ओळखूंही येत नाहींत.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मादी पहिलें अंडें घालतांच उबवूं लागते, तिन्ही अंडीं होईपर्यंत थांबत नाहीं. त्यामुळें पिलेंही एकदम न निघतां कांहीं दिवसांच्या अंतरानें निघतात, आणि तिसरें बाहेर येतें तेव्हां थोरलें त्याच्या कितीतरी मोठें झालेलें असतें. मासे भरपूर असले तर यानें कांहीं बिघडत नाहीं. थोरल्याचें पोट भरलें कीं तें बाजूस होतें व धाकट्याची पाळी येते. पण तीनचार दिवस वादळ चाललें, पाणी गढूळ होऊन नरास मासा दिसेना, तर थोरलें धाकट्यास चोंचीनें टोंचून मागें सारतें. आई मध्यें पडत नाहीं. जें मान पुढें करील त्यास ती घांस देते. मग धाकटें मागेंच राहतें, क्षीण होतें, आणि एखादे सकाळीं हालत नाहीं. यास निष्ठुरपणा म्हणावा कीं काटकसर म्हणावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण अन्न कमी असतां तिघांस सारखें वांटलें तर तिन्ही दुबळीं राहिलीं असतीं, हेंही खरें. आणि नरच परत आला नाहीं तर? पिलें लहान असतां मादी मासेमारीस गेली तर तीं थंडीनें किंवा कावळ्यांमुळें मरावयाचीं, व न गेली तर उपाशीं मरावयाचीं. सारें घरटें एका पक्ष्याच्या येण्यावर टांगलेलें असतें. म्हणूनच क्षितिजावर तो दिसला कीं मादी ओरडूं लागते, आणि आडोशांत बसलेलीं माणसेंही सुटकेचा श्वास टाकतात.

जुलै महिन्यांत पिलें जवळजवळ आईएवढीं होतात. त्यांच्या पाठीवरील प्रत्येक पिसास फिकट कांठ असतो, व डोळे आईबापांसारखे पिवळे नसून नारिंगी असतात. या खुणांनीं तीं दुरूनही ओळखतां येतात. वारा सुटला कीं तीं पंख पसरून घरट्यांतल्या घरट्यांत उड्या मारतात, व पंखांचा सराव करतां करतां हातभर वर उचललीं जातात. सात-आठ आठवड्यांचीं झालीं म्हणजे एके दिवशीं उडी घेतात. तरी मासा धरणें त्यांस साधत नाहीं. जेवावयास तीं पुनः घरट्यावरच येतात, आणि मिळालेल्या माशावर पंख पसरून भावंडांपासून तो लपवितात. नराचें काम अजून संपलेलें नसतें.

ऑगस्टमध्यें प्रथम मादी निघून जाते. पिलें तीं दोनतीन आठवड्यांत, एकेक करून, कोणाच्याही सोबतीवांचून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे सेनेगाल, गांबिया या बाजूस निघतात. वाट सुमारें तीन हजार मैलांची. ती त्यांस कोणीं दाखविलेली नसते. समुद्रावर कितीएक नाहींशीं होतात. जीं पोंचतात तीं पुढचा उन्हाळाही तिकडेच काढतात, आणि दोन किंवा तीन वर्षांनीं परत येतात. १९५४ सालीं स्कॉटलंडांत एकच जोडपें होतें. १९९१ सालीं तीं ७१ झालीं, व आज ब्रिटनांत दोनशेंहून अधिक आहेत. त्यांतील कित्येक घरट्यांवर कॅमेरे बसविलेले असून, एप्रिल ते ऑगस्टपर्यंत तेथील व्यवहार आपल्या घरीं बसूनही पाहतां येतो.

सप्टेंबरच्या आरंभीं शेवटचें पिलूं जातें. तोंवर नर शेजारच्या उंच झाडावर बसलेला असतो, आणि भुकेल्या पिलाची हांक ऐकूं आली कीं मासा आणून देतो. हांक येईनाशी झाली म्हणजे तोही दक्षिणेकडे वळतो.